कोकण किनाऱ्यावरच्या घराचे छप्पर: ठेकेदार निवडताना काय पाहावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. दापोली तालुक्यात समुद्राच्या जवळ, चिऱ्याच्या भिंतींचे आणि मंगलोरी कौलांचे वडिलोपार्जित घर आहे. मालक नोकरीनिमित्त डोंबिवलीत राहतात. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात पश्चिमेकडच्या पाख्याची कौले आणि काही वासे गेले. तेव्हा मिळतील त्या पत्र्यांनी ते पाखे झाकून घेतले होते. आता संपूर्ण छप्पर लोखंडी कैच्यांवर, म्हणजे भिंतीवर बसणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यांवर, रंगीत पत्र्याचे करायचे आहे. गावातला फॅब्रिकेटर (लोखंडी पाइपांचे वेल्डिंगकाम करणारा), तालुक्याच्या ठिकाणचा ठेकेदार आणि मुंबईतली एक कंपनी अशा तिघांची अंदाजपत्रके हाती आली आहेत आणि सर्वांत कमी व सर्वांत जास्त दरांत जवळपास दीडपट अंतर आहे. काम कोणाला द्यावे आणि स्थानिक माणसावर विसंबावे का, असे त्यांनी विचारले आहे.

या किनारपट्टीवर घरांच्या छपरांची कामे पाहत आल्यामुळे माझा कल स्थानिक माणसाकडे आहे, हे आधीच सांगतो. मात्र तो केवळ स्थानिक आहे म्हणून नव्हे. तुमच्या हातातल्या तीन कागदांवर बहुधा तीन निरनिराळी छपरे लिहिलेली आहेत, त्यामुळे त्यांच्या दरांची तुलना आज करताच येणार नाही. तिघांनाही एकच छप्पर, एकाच जाडीच्या पत्र्याचे आणि एकाच पद्धतीच्या जोडणीचे, पुन्हा लिहून द्यायला सांगा. दीडपट वाटणारे अंतर तेव्हा बरेच आक्रसलेले दिसेल. उरलेले अंतर कशाचे आहे, हे ज्या ठेकेदाराला नीट समजावून सांगता येईल, त्याच्याशीच पुढची बोलणी करावीत.

वादळात छपराचे काय होते, हे मालकाला ढोबळमानाने तरी माहीत असले पाहिजे, नाहीतर ठेकेदाराचे उत्तर बरोबर की चूक हे त्याला ठरवता येत नाही. वारा छपराला दाबतो असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात उतरत्या छपरावरून वेगाने जाणारा वारा पत्र्याला वर खेचतो, आणि एखादे दार किंवा खिडकी उघडली गेली की घरात शिरलेला वारा त्याच पत्र्याला खालून ढकलतो. निसर्ग वादळ किनाऱ्यावर आले तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी 120 किलोमीटरच्या घरात होता. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्या हिशेबाने या वेगाला दर चौरस फुटावर साधारण सहा किलोचा जोर येतो. रंगीत पत्र्याचे स्वतःचे वजन चौरस फुटाला चारशे ग्रॅमही नसते. हजार चौरस फुटांचे छप्पर म्हणजे सहा टनांची उचल, आणि पत्र्याचे वजन जेमतेम चारशे किलो. कौलांचे वजन चौरस फुटाला तीन ते चार किलो भरते, तरी तेही पुरत नाही. त्यातही ही खेच सगळीकडे सारखी नसते: वळचण, आढे, तिकोनी भिंतीवरची कड आणि विशेषतः कोपरे येथे ती मधल्या भागाच्या दुपटीपर्यंत जाऊ शकते. वाऱ्याच्या भारासंबंधीच्या आयएस 875, भाग 3, या भारतीय मानकात मुंबईसाठी मूळ वेग सेकंदाला 44 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 158 किलोमीटर धरला आहे, तर पणजीसाठी 39 मीटर. दापोलीच्या किनाऱ्यावरच्या घरासाठी मी मुंबईचाच आकडा धरायला सांगतो. तेवढ्या वेगाला चौरस फुटामागे अकरा किलोपर्यंत जोर येतो.

तेव्हा तुम्ही जे विकत घेत आहात ते पत्र्याचे वजन किंवा त्याचा रंग नसून जमिनीपर्यंत पोहोचणारी एक साखळी आहे: पत्रा स्क्रूने पर्लिनला (कैच्यांवरून आडव्या जाणाऱ्या पाइपाला), पर्लिन कैचीला, कैची भिंतीच्या माथ्याला आणि माथा भिंतीला धरलेला असला पाहिजे. निसर्गनंतर श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली या पट्ट्यात जी छपरे पडलेली दिसली, त्यांत पत्रा फाटून गेलेली छपरे होती, तशीच पत्रा शाबूत राहून पर्लिनसकट शेजारच्या वाडीत जाऊन पडलेलीही होती. दुसऱ्या प्रकारच्या घराला कितीही महागडा पत्रा घातला असता तरी काही फरक पडला नसता, कारण साखळी तुटली होती ती खाली.

ठेकेदाराची परीक्षा इथेच होते. त्याला विचारावे, ‘वादळात तुमच्या कामांपैकी काय काय गेले?’ ‘काहीच गेले नाही’ असे ठामपणे सांगणाऱ्यापेक्षा जो म्हणतो, ‘अमक्या घराचा पडवीचा पत्रा गेला, पण पाइप जागेवर राहिले, कारण वळचणीला आम्ही एक नाळ, म्हणजे पत्र्याची उंच घडी, सोडून एक स्क्रू मारला होता, आता तिथे प्रत्येक नाळेला मारतो,’ तो माणूस कामाचा. पत्रा गेला की पाइपासकट गेला, हा फरक त्याने आपणहून सांगितला पाहिजे. त्यानंतर त्याने 2020 पूर्वी घातलेले आणि वादळातून टिकलेले एखादे छप्पर पाहायला जावे. नवे, चकचकीत छप्पर पाहून काहीच कळत नाही. घरात उभे राहून वर पाहावे. पर्लिनच्या वेल्डिंगला गंज सुटला आहे का, स्क्रूंच्या भोवती पाण्याचे ओघळ आहेत का, पत्र्याच्या कडा फडफडून भोके लांबट झाली आहेत का, आणि कैचीचे टोक भिंतीवर नुसते टेकले आहे की कशाने तरी जखडलेले आहे, एवढे पाहिले तरी पुरे. घरमालकाला एकच विचारावे, की पहिल्या पावसात गळती लागली तेव्हा बोलावल्यावर हा माणूस किती दिवसांनी आला. छप्पर घातल्यावर पहिल्या पावसात कुठेतरी एखादा थेंब येतोच. तो बघायला कोण येतो, यावर माझा भर जास्त असतो आणि स्थानिक माणसाचा खरा फायदा तिथेच आहे. मुंबईची कंपनी जुलै महिन्यात एका स्क्रूसाठी केळशी किंवा आंजर्ल्याला माणूस पाठवील, ही अपेक्षा धरू नये.

स्थानिक ठेकेदाराची अडचण वेगळी असते. मार्चनंतर तो जितकी कामे येतील तितकी घेतो, प्रत्येक ठिकाणी पाइप उतरवून ठेवतो आणि मे महिन्याच्या शेवटी सगळीकडची छपरे अर्धी उघडी असतात. एरवी हे चालून जात असे, कारण मृग लागेपर्यंत, म्हणजे साधारण 7 जूनपर्यंत, हाती वेळ आहे असे गावात गृहीत धरले जाते. कोकणात घरे शाकारण्याचा काळच मुळी एप्रिल-मे असतो. पण तौक्ते वादळ 2021 मध्ये 15 आणि 16 मे रोजी आपल्या किनाऱ्यालगत गेले, निसर्ग 3 जूनला आले, आणि 2009 चे फयान 11 नोव्हेंबरला. अरबी समुद्रातल्या वादळांचे दोन हंगाम आहेत, एक पावसाळ्यापूर्वीचा आणि दुसरा पावसाळ्यानंतरचा. त्यांमधला डिसेंबर ते एप्रिल हाच छप्पर उघडण्याचा काळ होय. काम डिसेंबर-जानेवारीत सुरू व्हावे आणि होळीच्या सुमारास संपावे, अशा बेताने ठेकेदाराशी दिवाळीपूर्वीच बोलावे. त्या काळात त्याच्याकडे कामे कमी असतात, वेल्डर मोकळे असतात आणि भावही जरा बरा मिळतो. किती टोळ्या आहेत, आपल्या कामावर कोण राहणार, आणि एका वेळी एकच पाखे उघडले जाईल ना, हे तारखांसह लिहून घ्यावे.

आता अंदाजपत्रकाकडे वळू. ‘0.50 मिमी रंगीत पत्रा’ एवढेच लिहिले असेल तर ते अपुरे आहे. 0.50 ही जाडी मुलामा व रंग धरून असते की नुसत्या पोलादाची, हे त्यात यावे. दोन्हींत पाच-सात शतांश मिलिमीटरचा फरक पडतो आणि ताकद असते ती पोलादाची. मुलामा कोणता आणि दर चौरस मीटरला किती ग्रॅम, हेही यावे. अॅल्युमिनियम-जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यात समुद्रकाठच्या घरासाठी 150 ग्रॅमपेक्षा कमी घेऊ नये, म्हणजे ज्याला व्यापारी ‘एझेड 150’ म्हणतात तो. चांगल्या पत्र्याच्या मागच्या बाजूला उत्पादकाचे नाव, जाडी आणि मुलाम्याचे आकडे छापलेले असतात. ती छपाई पाहिल्याशिवाय माल उतरवून घेऊ नये. शंका आली तर सरळ वजन करावे. 1220 मिमी रुंदीच्या गुंडाळीपासून केलेला तीन मीटर लांबीचा पत्रा रंगासह 0.50 मिमीचा असेल तर तेरा किलोच्या आसपास भरतो, 0.40 चा असेल तर दहाच्या आसपास. गावातल्या सुपारीच्या काट्यावरही हा फरक लपत नाही.

मापाचा प्रश्न वेगळा. छप्पर चौरस फुटाच्या दराने घातले जाते, पण फूट कोणते मोजायचे, यावर नंतर हमखास वाद होतात. जमिनीवरचे क्षेत्रफळ, उताराचे क्षेत्रफळ आणि प्रत्यक्ष लागलेल्या पत्र्यांचे क्षेत्रफळ ही तीन वेगवेगळी मापे आहेत. 25 अंशांच्या उतारावर जमिनीवरचे 900 चौरस फूट छपरावर सुमारे 990 होतात आणि पत्र्यांच्या एकमेकांवरील जोडांमुळे मालाचे माप त्याहूनही वाढते. तिघांपैकी कोणी कोणते माप धरले आहे, हे विचारले तर मला वाटते तुमच्या दीडपटीतला बराचसा भाग तिथेच उलगडेल. आढ्यावरचा पत्रा, कडेच्या पट्ट्या, पन्हळी, जुने छप्पर उतरवणे आणि त्याची विल्हेवाट हे दरात आहे की वर, तेही एका ओळीत लिहून घ्यावे.

स्क्रूंवर मी थोडा अधिक वेळ घेतो, कारण सबंध छपराच्या खर्चात ते सर्वांत स्वस्त असतात आणि पुष्कळ छपरे त्यांच्यापायीच जातात. किनाऱ्यावर साधे जस्त चढवलेले स्क्रू दोन-तीन पावसाळ्यांत तांबूस होतात. डोके गंजले की वॉशर सैल पडतो, वॉशर सैल पडला की पत्रा हलू लागतो, आणि हलणारा पत्रा स्वतःचे भोक स्वतःच मोठे करत जातो. म्हणून खाऱ्या हवेसाठी केलेला जाड मुलाम्याचा स्क्रू आणि त्याखाली ईपीडीएम रबराचा वॉशर मागावा. काळा दिसणारा प्रत्येक वॉशर ईपीडीएम नसतो. दोन बोटांत घेऊन दुमडला असता चांगला वॉशर तडकत नाही आणि सोडल्यावर पूर्ववत होतो. स्क्रू नाळेच्या माथ्यावर मारावा, खोलगट भागात नाही, कारण पाणी खोलगट भागातून वाहते. वळचण, आढे आणि दोन्ही कडा येथे प्रत्येक नाळेला स्क्रू असावा, मधल्या भागात एकाआड एक चालेल. पर्लिनमधले अंतर मधल्या भागात 1.2 मीटरपर्यंत आणि कडेला त्याहून कमी, साधारण 0.9 मीटर, असावे. ड्रिल मशीन जोरात दाबून वॉशर चपटा करणारा कारागीर वरून फार मेहनती वाटतो, पण त्याने दाबलेल्या प्रत्येक वॉशरखाली उन्हाळ्याच्या अखेरीस भेग पडलेली असते. संध्याकाळी काम थांबवताना ड्रिलचा कीस पत्र्यावरून झाडून काढायला सांगावे. तो तसाच राहिला तर पहिल्या दवातच गंजतो आणि त्याचे डाग थेट रंगाखाली जातात. चिऱ्याच्या भिंतीला पत्रा जिथे भिडतो तिथे गवंडी सवयीने सिमेंटचा ओला माल पत्र्यावर ओढतो. अॅल्युमिनियम-जस्ताच्या मुलाम्याला ओल्या सिमेंटमधला क्षार खातो, त्यामुळे तिथे वाकवलेली पत्र्याची पट्टी आणि सीलंट वापरावे, सिमेंट नाही.

पत्र्यांची रचनाही वाऱ्याकडे पाहून करायची असते. आपल्याकडे पावसाळ्यात वारा नैर्ऋत्य व पश्चिमेकडून येतो, त्यामुळे शेजारच्या पत्र्यावर बसणारी उघडी कड त्याच्या विरुद्ध दिशेला असावी. चक्रीवादळात मात्र वाऱ्याची दिशा काही तासांत फिरते, आणि केंद्र गावावरून गेले तर ती जवळजवळ उलटी होते. तेव्हा ‘पश्चिमेची कड पक्की केली आहे, पूर्वेला एवढे लागत नाही’ हा युक्तिवाद स्वीकारू नये.

कैच्या आणि पर्लिनच्या चौकोनी पाइपांची जाडी अंदाजपत्रकात आली पाहिजे. नुसते ‘दोन बाय एक पाइप’ लिहिण्याची पद्धत सर्वत्र आहे, पण तो 1.2 मिमीचाही मिळतो आणि 2 मिमीचाही. पर्लिनला 2 मिमीपेक्षा कमी जाडी घेऊ नये, कारण स्क्रूची पकड पाइपाच्या भिंतीच्या जाडीवरच अवलंबून असते. पाइपाची उघडी तोंडे पट्टी वेल्ड करून बंद करावीत. खारी हवा आत शिरली की पाइप आतून गंजतो आणि बाहेरून रंग जसाच्या तसा दिसत राहतो. वेल्डिंग ठिपके देऊन न थांबता जोडाच्या सर्व बाजूंनी केलेले असावे, त्यावरची कीट ठोकून काढलेली असावी, आणि मगच जस्तयुक्त इपॉक्सी प्रायमरचा हात मारावा. लाल ऑक्साइडचा एक हात आणि वरून चंदेरी रंग, हे काम शहरात कदाचित निभावते, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर निभावत नाही.

तुमच्या घराच्या बाबतीत माझी मोठी काळजी मात्र भिंतीच्या माथ्याची आहे. जुन्या चिरेबंदी घरांत भिंतीच्या माथ्यावर आडवे लाकूड नुसते ठेवलेले असते आणि वासे त्यावर टेकतात. कौलांच्या वजनाने सगळे जागेवर राहत असे. कौले काढून हलका पत्रा घातला की हे वजन निघून जाते आणि छप्पर पूर्वीपेक्षा सहज उचलले जाते. कौले गेली म्हणून पत्रा घातला आणि पुढच्या वादळात पत्राही गेला, याचे कारण बहुतेक ठिकाणी हेच असते. त्यामुळे माथ्यावर चारही बाजूंनी सलग आरसीसी पट्टा ओतून घ्यावा, त्यात कैचीच्या प्रत्येक जागी किमान 12 मिमीचे बोल्ट आधीच उभे करून ठेवावेत आणि कैचीची तळपट्टी त्यांवर नट लावून आवळावी. पट्टाही नुसता भिंतीवर पडलेला नसावा. कोपऱ्यांत आणि मध्ये मध्ये सळया भिंतीत खाली उतरवून काँक्रीटने भराव्यात. चिऱ्यात थेट विस्तारणारे बोल्ट ठोकून काम भागवू म्हणणाऱ्याला थांबवावे, कारण जांभा दगड मऊ व सच्छिद्र असल्याने खेच आली की बोल्ट मूठभर भुग्यासह बाहेर येतो. हा पट्टा गावातल्या फॅब्रिकेटरच्या अंदाजपत्रकात बहुधा नसेल, कारण ते गवंड्याचे काम. आणि गवंडी म्हणेल की बोल्ट कुठे हवेत ते फॅब्रिकेटरने सांगितलेच नाही. दोघांची मिळून जबाबदारी एका माणसाने लेखी घेतल्याखेरीज कामाला हात लावू देऊ नये.

उतार कमी करून पत्रा वाचवण्याचा सल्ला मिळाला तर तो मानू नये. जवळजवळ सपाट छपरावर खेच जास्त येते. 22 ते 30 अंशांचा उतार वाऱ्याच्या दृष्टीने चांगला, आणि तुमच्या कौलारू घराचा उतार बहुधा त्याच मापात असणार. वळचण अर्ध्या मीटरपेक्षा बाहेर काढू नये. पावसाच्या झडीसाठी मोठी वळचण हवी असे घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. पण त्यासाठी पडवीचे छप्पर वेगळ्या आधारावर, मुख्य छपरापासून सुटे करावे, म्हणजे वादळात पडवी गेली तरी ती माजघराचे छप्पर सोबत नेणार नाही. जाता जाता एक गोष्ट सुचवतो: लाकूड बरे असेल आणि वाळवी नसेल, तर कौले टाकून देण्याची घाई करू नका. वळचणीच्या, आढ्याच्या व कडेच्या ओळींतली कौले तारेने रिपांना बांधून आणि वासे माथ्याला पट्ट्यांनी जखडून कौलारू छप्परही बरेच बळकट करता येते, उन्हाळ्यात घर थंड राहते ते वेगळेच. तिघांपैकी एकानेही हा पर्याय मांडला नसावा, कारण तो विकण्यात त्यांना फारसे काही मिळत नाही.

पैशांच्या बाबतीत माझी पद्धत अशी आहे की पत्रे, पाइप आणि स्क्रू मालकाने स्वतः दुकानातून पक्क्या बिलावर घ्यावेत आणि ठेकेदाराला मजुरीचा दर द्यावा. पत्र्यावर 18 टक्के जीएसटी असतो. तो वाचवण्यासाठी कच्च्या चिठ्ठीवर घेतलेल्या मालाची हमी पुढे कोणी देत नाही. ठेकेदार लहान असेल तर त्याची नोंदणी नसणे शक्य आहे आणि त्यात गैर काही नाही, पण मग त्याने बिलात जीएसटी लावताही कामा नये. मजुरीचा पहिला हप्ता कैच्या उभ्या राहिल्यावर, दुसरा पत्रे बसल्यावर द्यावा, आणि दहा टक्के रक्कम पहिला पावसाळा पाहून, म्हणजे गणपतीला गावी जाल तेव्हा, चुकती करावी. ही अट ऐकून जो तोंड वाकडे करतो त्याला विचारावे की आगाऊ रक्कम नेमकी कशासाठी हवी आहे. मजुरांच्या खोराकीसाठी थोडे द्यायला हरकत नाही.

वादळानंतरच्या पंधरवड्यात केलेले व्यवहार सर्वांत वाईट असतात. निसर्गनंतर पत्रे मिळेनासे झाले, भाव चढले, आणि कुठून कुठून आलेल्या टोळ्या घराघरांतून आगाऊ रकमा घेऊ लागल्या. अशा वेळी कायमचे काम करूच नये. ताडपत्रीने घर झाकावे, पडलेले सामान हलवण्याआधी सर्व बाजूंनी फोटो काढावेत, तलाठी व ग्रामसेवकांचा पंचनामा होऊ द्यावा आणि नुकसानीची टक्केवारी पंचनाम्यात काय लिहिली जाते ते वाचूनच सही करावी; अंशतः पडझडीच्या मदतीसाठी किमान 15 टक्के नुकसानीची अट असते. उरलेले काम पुढच्या डिसेंबरला. तुमच्या पश्चिमेच्या पाख्यावर आज जे पत्रे आहेत ते अशाच घाईतले दिसतात, त्यामुळे ते पुन्हा वापरू, पैसे वाचतील, असे कोणी म्हटले तर नको म्हणावे: जुनी भोके नव्या पर्लिनवर कधीच जुळत नाहीत. ते पत्रे सिमेंटचे असतील तर आणखी एक खबरदारी आहे. त्यांत अॅस्बेस्टॉस (श्वासातून गेल्यास घातक असे तंतू) असण्याची शक्यता असते, म्हणून ते फोडू नयेत, पाण्याने भिजवून अख्खे उतरवावेत. आणि त्यांवर थेट पाय ठेवू देऊ नये, कारण जुना सिमेंटचा पत्रा माणसाच्या वजनाने अचानक तुटतो. फळ्या टाकूनच वर चढायचे आणि कमरेला दोर बांधायचा, ही अट ठेकेदाराला पहिल्याच दिवशी सांगावी. त्याच्या कामगारांची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी आहे का आणि अपघात विमा आहे का, तेही विचारावे.

तुम्ही डोंबिवलीत असल्यामुळे रोज कामावर उभे राहणे शक्य नाही, आणि त्याची गरजही नाही. चार वेळा फोटो मागवावेत: पट्टा ओतण्याआधी सळया व बोल्टांचे, कैच्या आवळल्यावर नटांचे, पत्रे घालण्याआधी रंग दिलेल्या पर्लिनचे, आणि पत्रे घातल्यावर वळचणीच्या स्क्रूंच्या रांगेचे. पहिले दोन टप्पे झाकले गेल्यावर पुन्हा कधीच दिसत नाहीत, म्हणून त्या दोन दिवशी जमल्यास स्वतः जावे.

हे सगळे धरून तुमच्या तीन कागदांबद्दल सांगायचे तर, मुंबईच्या कंपनीचे आराखडे चांगले असतील, पण पावसाळ्यात ती उपयोगाची नाही. गावातल्या फॅब्रिकेटरचा दर कमी आहे, कारण त्यात पट्टा नाही आणि पाइपाची जाडी लिहिलेली नाही, असा माझा अंदाज आहे. तालुक्याच्या ठेकेदाराकडे गवंडी आणि वेल्डर दोन्ही असतील, तर मी त्याच्याकडे झुकेन; नसतील तर गावातल्या माणसालाच आरसीसी पट्ट्यासह, 2 मिमी पर्लिनसह आणि वर सांगितल्याप्रमाणे स्क्रूंच्या अंतरासह नवा कागद करायला सांगा. बोल्टांच्या जागा व कैच्यांची मापे एखाद्या स्थापत्य अभियंत्याकडून सेकंदाला 44 मीटर वेग धरून काढून घ्या. एवढ्या घरासाठी त्याची फी एकूण खर्चाच्या मानाने किरकोळ असते, आणि तोच नकाशा तिघांच्याही हातात दिला की दर पुन्हा मागता येतील.